वृद्धाश्रमाचं रजिस्टर रद्दीत देऊ नका

माझी आत्या शेवटची सहा वर्षं एका वृद्धाश्रमात होती. कुठल्या ते सांगत नाही, माणसं वाईट नव्हती तिथली. ऑफिसच्या टेबलावर एक जाडजूड रजिस्टर असायचं, लाल कापडी पाठीचं, आणि मी एकतीस वर्षं बँकेत लेजरं सांभाळण्यात घालवल्यामुळे गेल्या गेल्या माझी नजर आधी त्याच्यावरच जायची. आल्याची तारीख, वय, गाव, कोणी आणून सोडलं, गोळ्या कुठल्या, उपास कुठले, काही झालं तर कोणाला कळवायचं. आत्याच्या नावासमोर कोणीतरी बॉलपेनने दोन ओळी जादा लिहिल्या होत्या, भाजी बारीक करून देणे, रात्री पॅसेजमधला दिवा मालवू नये घाबरतात. ती गेल्यावर तीनेक वर्षांनी मला ते पान आठवलं, म्हटलं जाऊन एक फोटो काढून घेऊ, तर तिथल्या बाई म्हणाल्या अहो ताई जागा कुठे आहे, जुनी सगळी रद्दीत दिली, आता सगळं कॉम्प्युटरवर असतं. मग कॉम्प्युटरवर बघितलं. नाव, आधार नंबर, डिपॉझिट परत केल्याची तारीख, येणे बाकी शून्य.

बॅलन्स टॅली झाला की खातं बंद, हे बँकेत ठीक आहे.

तेव्हा हळहळले आणि सोडून दिलं. परत आठवलं ते भलत्याच ठिकाणी, अ‍ॅमस्टरडॅममध्ये. मुलगी शेजारच्या अ‍ॅम्स्टलव्हेनला असते, तिथे आता आपले इतके लोक झालेत की डोसापीठ विचारायला लागत नाही, समोरच असतं. नातवाला डे-केअरला सोडलं की मी मोकळी, मग मेट्रो पकडून शहरभर हिंडायचं. असंच एकदा वेस्परप्लाइन स्टेशनाबाहेर आले तर कोपऱ्यावर एक काचांची मोठी बिल्डिंग, जुन्यातली असून अजिबात जुनाट न वाटणारी. आधी वाटलं कुठल्या तरी कंपनीचं ऑफिस असेल. निघाला ज्यू लोकांचा वृद्धाश्रम, म्हणजे एकेकाळचा.

नाव होतं ‘दे योडसे इन्व्हालीदे’. सरळ मराठी करायचं तर ‘ज्यू अपंग’. पुण्याच्या लोकांना यात काही खटकणार नाही कारण आपल्याकडे नाना पेठेत निवडुंग्या विठोबाजवळ डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह आहेच, तेही एका ज्यू दानशूराच्याच नावाचं. जुन्या लोकांना नावात साखर घालायची सवय नव्हती.

या अ‍ॅमस्टरडॅमच्या संस्थेची सुरुवात १९११ची. मायर द होन्ड नावाचे एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू होते, गरीब ज्यू वस्तीत वावरणारे, त्यांचं म्हणणं असं की आपले म्हातारे, आंधळे, अंथरुणाला खिळलेले गरीब लोक दुसऱ्यांच्या आश्रमात जाऊन पडतात, तिथे त्यांना धर्माला चालणारं कोशर जेवण नाही, शनिवारचा शब्बाथ नाही, जाताना प्रार्थना म्हणणारं कोणी नाही. म्हणजे प्रश्न नुसता छप्पर आणि दोन वेळच्या जेवणाचा नव्हता, ताटात काय आणि मरताना कानावर कुठले शब्द पडतात याचा होता, आणि हे आपल्याला लगेच कळावं, कारण आपल्याकडेही आश्रम निवडताना पहिला प्रश्न तोच असतो की कांदा-लसूण घालतात का. पैसे थेंबाथेंबाने जमले. पुढे तर लॉटऱ्या काढल्या, रेडिओवरून आवाहनं केली, ज्यू नसलेल्या डच लोकांनीही दिले. आयझॅक खान्स नावाचे डायरेक्टर होते, पैसे उभे करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता म्हणतात. त्यातून १९३७ साली ही नवी बिल्डिंग उभी राहिली, आर्किटेक्ट यान फ्रेडरिक स्टाल, आणि लोकांनी तिचं नावच पाडलं काचेचा महाल. गरीब म्हाताऱ्यांसाठी, शहराच्या अगदी मधोमध, भरपूर उजेडाची. आपण वृद्धाश्रम कुठे बांधतो ते आठवा, हायवेपासून आत चार किलोमीटर, निसर्गरम्य परिसर.

सहा वर्षंही पुरी झाली नाहीत.

१ मार्च १९४३ला जर्मनांनी ही बिल्डिंग रिकामी केली. ज्यूंना नेताना बाहेर सांगायचं कारण ठरलेलं होतं, पूर्वेकडे मजुरीला पाठवतोय. आता ज्यांना कुशीवर वळायला माणूस लागतो त्यांना कसल्या मजुरीला नेणार, पण खाटांवरून उचलून नेलं. आधी वेस्टरबोर्कच्या छावणीत आणि तिथून पूर्वेच्या गाड्यांत. २ मार्च ते २० जुलै १९४३ या काळात वेस्टरबोर्कहून पोलंडमधल्या सोबिबोरच्या मृत्युछावणीला १९ गाड्या गेल्या, ३४,३१३ माणसं, त्यातली युद्धानंतर जिवंत राहिली १८. रब्बी द होन्डसुद्धा त्याच जुलैत सोबिबोरलाच मारले गेले.

आता मुद्द्यावर येते, रजिस्टरच्या. हे मी कोणाला सांगितलं की समोरचा पहिलं हेच म्हणतो, बघा, म्हणूनच नोंदी ठेवू नयेत, यादीच नसती तर कोणाला उचलणार होते? माझ्या जावयाचं तर हे ठाम मत आहे, तो आयटीत आहे, त्याला डेटा या शब्दाचाच धाक. आणि हे म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही हं. डच लोकांनी नोंदी इतक्या सुंदर ठेवल्या होत्या की वाचून माझ्यातल्या बँकवालीला आधी कौतुकच वाटलं. १८५०पासून गावोगाव लोकसंख्येचं रजिस्टर, त्यात जन्म, लग्न, पत्ता बदलला तर तोही, आणि धर्म. धर्म लिहून घेताना कोणाच्या मनात पाप नव्हतं, तेव्हा चर्चचा कारभार होता, त्याला लागायचा. मग जर्मन आले. जानेवारी १९४१मध्ये हुकूम निघाला की ज्यूंनी नाव नोंदवायचं, वर माणशी एक गिल्डर फी भरायची, आणि लाख-सव्वा लाख नाही, मिश्र कुटुंबातले धरून एक लाख साठ हजारांच्या आसपास फॉर्म भरले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात अ‍ॅमस्टरडॅम पालिकेने एक नकाशा करून दिला, त्यावर नुसते ठिपके, एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. जिथे ठिपके दाट तिथे शाई सांडल्यासारखं दिसतं.

ओळखपत्र केलं याकोप लेन्ट्स नावाच्या अधिकाऱ्याने. हा मनुष्य नाझी पक्षाचा नव्हता. त्याला एवढंच हवं होतं की कार्ड असं व्हावं की खोटं करताच येऊ नये, नोंद अशी व्हावी की चुकूच नये. युद्धानंतर तीन वर्षांची शिक्षा झाली. मी त्याला ओळखते. प्रत्येक ब्रँचमध्ये एक लेन्ट्स असतो, फॉर्म नीट भरला की रात्री शांत झोपणारा, आणि खरं सांगायचं तर आमच्या ब्रँचमध्ये तो बरीच वर्षं मीच होते.

आश्रम रिकामा झाला त्याला महिना व्हायच्या आत, २७ मार्च १९४३च्या रात्री, तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर प्लांटाख केर्कलानला लोकसंख्या नोंदणीच्या ऑफिसात काही लोक पोलिसांचे कपडे घालून घुसले आणि त्यांनी रजिस्टरं पेटवली. विलेम आरोन्डेउस हा चित्रकार-लेखक त्यात होता, शिल्पकार खेरित फान देर फेन होता. आगीचे बंब मुद्दाम सावकाश आले आणि आल्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त पाणी मारत बसले, जे जळलं नाही ते भिजून लगदा व्हावं म्हणून. एवढं करून गेले सुमारे १५ टक्के कागद. बाकीची कार्डं इतकी गच्च दाबून भरलेली होती की पेटलीच नाहीत. १ जुलैला बारा जणांना गोळ्या घातल्या. कागद जाळायला जीव दिलेली माणसं आहेत ही, त्यामुळे मी जेव्हा म्हणते की नोंदी ठेवा तेव्हा यांच्या डोळ्यांत बघून म्हणावं लागतं याची मला जाणीव आहे.

तरी म्हणते, ठेवा. पण काय ठेवायचं आणि कोणापाशी, सगळा घोळ इथेच आहे.

ज्या कार्डाने माणसं पकडली गेली त्यावर काय होतं? नाव, नंबर, पत्ता, धर्म. अमक्याला दिसत नाही त्याला जेवण ताटात घड्याळाप्रमाणे मांडून द्या, तमकी रात्री दचकून उठते, असलं काही त्या कार्डावर नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. ते असतं सांभाळणाऱ्याच्या रजिस्टरात. सरकारच्या कामाची नोंद एक आणि सांभाळण्याची नोंद दुसरी. पहिली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायलाच जन्मलेली असते, दुसरी त्या घराबाहेर कोणाच्या काही उपयोगाची नसते. आता माझ्या आत्याचं घ्या. रजिस्टर रद्दीत गेलं आणि कॉम्प्युटरवर काय उरलं, तर आधार नंबर आणि डिपॉझिट. म्हणजे लेन्ट्सला जे हवं असतं तेवढं आपण जपून ठेवलं आणि पॅसेजमधला दिवा किलोच्या भावाने विकला. प्रायव्हसी जपली असं म्हणायचं का याला? मला तरी नाही म्हणवत.

आणि याचा परिणाम काय होतो ते बघायला वेस्परप्लाइनहून पाच-सात मिनिटं चालायचं. वेस्परस्त्रातला २०२१च्या सप्टेंबरमध्ये नावांचं स्मारक झालं, डॅनियल लिबस्किंड यांचं डिझाइन, एकेका विटेवर एकेक नाव, जन्मतारीख आणि मरतानाचं वय. एक लाख दोन हजारांवर विटा, शिवाय एक हजार कोऱ्या, ज्यांची नावं अजून सापडायची आहेत त्यांच्यासाठी. ते होऊ नये म्हणून आजूबाजूचे काही लोक कोर्टातही गेले होते, झाडं तोडावी लागतील, गर्दी होईल वगैरे. असो. मी तिथे ऐंशीच्या पुढची वयं शोधत फिरले, बरीच आहेत. मुलीने घरी आल्यावर नेटवरचं ज्यू स्मारक उघडून दिलं, त्यात आश्रमातल्या माणसांचीही पानं आहेत, आणि बऱ्याच पानांवर जेमतेम तीन ओळी. कुठे जन्म, कधी जन्म, कुठे मरण. मी स्क्रोल करत राहिले आणि मग टाळक्यात प्रकाश पडला की ही माहिती ज्यांच्या कागदांवर उभी आहे ते कागद मुख्यतः मारणाऱ्यांचे आणि त्यांना याद्या करून देणाऱ्यांचे आहेत. १९४१ची नोंदणी, गाड्यांच्या याद्या, रिकाम्या घरातल्या टेबल-खुर्च्या मोजून केलेल्या याद्या, त्या सुद्धा आहेत, किती पलंग, किती पडदे. मारणाऱ्याने व्यवस्थित लिहिलं म्हणून नाव उरलं. सांभाळणाऱ्यांनी जे लिहिलं असेल, कोणाला काय आवडायचं, कोण कोणाशी अबोला धरून बसायचं, त्यातलं त्या तीन ओळींत काही नाही. मला हे सहन झालं नाही.

कागद खोटं बोलतो हेही मान्य आहे. जर्मनीतल्या म्हाताऱ्या ज्यूंना १९४२च्या उन्हाळ्यापासून चक्क आश्रमाचे करार करायला लावले, ‘घर खरेदी करार’, म्हणजे तुमची होती नव्हती ती मालमत्ता लिहून द्या आणि बदल्यात थेरेझियनश्टाटला मरेपर्यंत राहणं, जेवण, औषधपाणी मिळेल. लोकांनी सह्या केल्या, पुरचुंडीत चांगले कपडे बांधून नेले, काहींची समजूत होती की खरोखरच आश्रमात जातोय. आजच्या चेकियातल्या त्या वस्तीत सुमारे ३३ हजार माणसं मेली, भूक आणि रोगराईने, आणि त्यात म्हातारेच जास्त, त्याच्या दुपटीहून जास्त पुढे पाठवली गेली. तो करार हा जगातला सर्वात खोटा वृद्धाश्रमाचा कागद असेल. पण तो शिल्लक आहे म्हणूनच आज त्याला खोटा म्हणता येतं ना? तो जळून गेला असता तर कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं असतं की म्हाताऱ्यांची चांगली सोय केली होती.

कागद फेकण्यात कोणाचा फायदा असतो हेही बघायला पाहिजे. अ‍ॅमस्टरडॅममध्येच घडलेलं आहे. युद्धातून वाचून परत आलेल्या ज्यूंना पालिकेने त्यांच्या जागेचं थकलेलं भुईभाडं भरायला लावलं, वर उशिराचा दंड, म्हणजे माणूस छावणीत किंवा कोणाच्या तरी माळ्यावर लपलेला, त्याच्या घरात भलताच कोणी राहतोय, आणि नोटीस याला. ही गोष्ट साठ-सत्तर वर्षं कोणाच्या लक्षात नव्हती. एक विद्यार्थिनी जुने कागद कॉम्प्युटरवर चढवण्याचं काम करत होती, तिच्या हाती ती पत्रं लागली, आणि मूळ कागद नंतर नष्ट करायचे ठरले होते. तिने ओरडा केला, २०१३ला पेपरात आलं, चौकशी झाली, शेवटी पालिकेने २०१६ला एक कोटी युरो द्यायचं ठरवलं. कारकुनी कामावर असलेल्या एका पोरीला दोन पत्रं वाचाविशी वाटली म्हणून, बाकी काही नाही. जागा नाही, जुनं झालंय, स्कॅन केलंय ना, ही वाक्यं ज्या ऑफिसात ऐकू येतात तिथे मी आता जरा थांबून बघते की नेमका कुठला गठ्ठा बाहेर चाललाय.

मग प्रायव्हसीचं काय. २०२५च्या १ जानेवारीला डच लोकांनी जर्मनांशी हातमिळवणी केल्याचा संशय असलेल्या सव्वाचार लाख लोकांच्या फायली कायद्याने खुल्या केल्या, आणि त्या नेटवर टाकायच्या म्हटल्यावर तिथल्या डेटा सांभाळणाऱ्या सरकारी यंत्रणेनेच हरकत घेतली, त्यातले काही लोक अजून जिवंत असतील म्हणून. शेवटी नेटवर नुसती नावांची सूची, फाईल बघायची तर हेगच्या सरकारी दफ्तरखान्यात जाऊन बसा. मला हे बरोबर वाटतं. युरोपचा डेटाचा कायदा मुळात मेलेल्या माणसाला लागू नाही, अमेरिकेत आजारपणाचे कागद माणूस गेल्यावर ५० वर्षं झाकलेले राहतात. माझं मत विचाराल तर जिवंत माणसाचं रजिस्टर कडीकुलपात, ना सरकारला, ना कुठल्या अ‍ॅपला, ना देणगीदारांना फोटोसकट. माणूस गेला की घरच्यांना दुसऱ्या दिवशीपासून, आणि पंचवीस-तीस वर्षांनी सगळ्यांना. ५० फार होतात. ५० वर्षांनी ते अक्षर कोणाचं हे सांगणारं कोणी राहत नाही, आणि आत्याला मी शेवटची ओळखणारी असेन तर कोणासाठी झाकून ठेवायचं?

यावर आपल्याकडची खरी अडचण निराळी आहे, ती कोणी उघड बोलत नाही. ‘कोणी आणून सोडलं’ हा कॉलम. पुतण्याने, मुलाने, सुनेने, आणि पुढे भेटीच्या तारखा. आत्याच्या पानावर माझं नाव होतं, आणि भेटींमध्ये एकदा सात महिन्यांचं अंतर होतं ते मला माहीत आहे. रजिस्टर रद्दीत गेलं तेव्हा हळहळ वाटली आणि थोडं हलकंही वाटलं, खोटं कशाला बोलू. पण माझी लाज हे तिचं पान फेकण्याचं कारण होऊ शकत नाही.

आणि ही नुसती तिकडची गोष्ट नाही. आपले बेने इस्राएल ज्यू घ्या, अलिबाग-पेणकडचे शनिवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे, कबरीवर हिब्रूसोबत मराठी कोरणारे. १९५१च्या जनगणनेत देशात सगळे मिळून ज्यू २६ हजारांच्या वर होते, २०११ला ४,६५०. बहुतेक इस्राएलला गेले, आता तिकडे जन्मलेल्या नातवंडांना देवनागरी वाचता येतेच असं नाही. म्हणजे कोकणातल्या, मुंबईतल्या जुन्या नोंदी ज्यांच्या आहेत त्यांना वाचता येणार नाहीत आणि ज्यांना वाचता येतात त्या आपल्याला त्या आपल्या वाटत नाहीत. २०१६ला महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला, चांगलं केलं. त्या कागदांचीही कोणीतरी काळजी घ्यायला हवी, आणि मराठी वाचणाऱ्याने घेतली तर बिघडलं कुठे.

अमेरिकेत म्हणे जुन्या जनगणनेच्या तक्त्यांत आश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नावापुढे जो ‘इनमेट’ शब्द लिहिलेला असतो तोच तुरुंगातल्या माणसालाही लावतात. आपण ‘लाभार्थी’ लिहितो. काहीही लिहा, पण पुढचा कॉलम कोरा सोडू नका.

परत आल्यावर मी दुसऱ्या एका आश्रमात गेले, ओळखीच्यांचा आहे, छोटा. कपाटात नऊ रजिस्टरं निघाली, १९८०च्या दशकापासूनची, दोनांना वाळवी. म्हटलं मला एकेक द्या, इथेच बसून मोबाईलवर फोटो काढते, बाहेर नेत नाही, पैसे नकोत, फक्त चहा द्या. ट्रस्टी भला माणूस, म्हणाले कल्पना छान आहे मॅडम, मीटिंगमध्ये ठेवतो. मीटिंग दिवाळीनंतर आहे. तोपर्यंत वाळवीसाठी मी डांबरगोळ्या देऊन आलेय.